‘लग्न झाल्यावर धरेन नमाज’

वाचकाचं पत्र

खाला, अस्सलामु अलैकुम.

मी रावेर तालुक्यातला, वय २७. केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. कटाईची टोळी बघायची, गाड्या भरून घ्यायच्या, हिशेब ठेवायचा. लहानपणी मदरशात कुरआन वाचून पूर्ण झालं, नमाज येते, पण पढत नाही. रमजानमध्ये सगळे रोजे, रात्रीची तरावीहची नमाजसुद्धा. ईद झाली की आठ-दहा दिवसांत सगळं सुटतं. असं चार-पाच वर्षं चाललंय. आता ठरवलंय की लग्न झालं की एकदम धरू, म्हणजे पुन्हा सुटणार नाही. मध्ये एकदा बागेत जोहरसाठी, दुपारच्या नमाजसाठी, उठलो तर टोळीतली पोरं म्हणाली, ‘काय भो, मौलाना झाला का?’ तेव्हापासून त्यांच्यासमोर उठायची लाज वाटते.

लग्न दोन महिन्यांवर आलंय. घरात डीजे, मोठी बारात असं ठरतंय आणि त्यासाठी व्याजाने पैसे काढायचं चाललंय. मुलीकडे सामानाची यादी पाठवायची असंही मामा म्हणतात. मला हे नको आहे. अब्बांना बोललो तर म्हणाले, ‘बिरादरीत तोंड आम्हाला दाखवायचंय. आणि तू स्वतः नमाज पढत नाहीस, तू आम्हाला दीन (धर्म) शिकवणार?’ माझं तोंडच बंद झालं. खाला, मी ढोंगी आहे का? आधी स्वतः सुधारावं आणि मग बोलावं का? होणाऱ्या बायकोच्या कानावर हे घालावं का?

उत्तर

वअलैकुम अस्सलाम, बेटा.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा लग्नाचा प्रश्न मोठा वाटला. दुसऱ्यांदा वाचताना ‘एकदम धरू’ या दोन शब्दांपाशी अडकले. हे शब्द माझ्या घरात मी लहानपणापासून ऐकले आहेत, म्हणून आधी घरचंच सांगते.

माझे वडील पिंजारी. गाव अमळनेर तालुक्यातलं, घरात अहिराणी आणि मोडकीतोडकी उर्दू. दिवाळी झाली की ते पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. संक्रांतीनंतर तो धंदा बसायचा, मग मिळेल ती मजुरी. अम्मी नमाजची आठवण करायची तेव्हा ते म्हणायचे, ‘करसू ना, काय घाई शे?’ थंडीचा धंदा सरला की करसू. मोठीचं लग्न झालं की करसू. घरावर पत्रे पडले की करसू. माणूस फार सरळ, कधी कुणाला काटा मारला नाही, दारात आलेल्याला रिकामं पाठवलं नाही. त्यांचा अल्लाहवर विश्वास नव्हता असं मी म्हणूच शकत नाही. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी नमाज धरली आणि मरेपर्यंत सोडली नाही. पण तोवर गुडघे गेले होते. खाटेवर बसून, पुढे वाकून इशाऱ्याने सजदा करायचे. तशीही नमाज होते, आजारी माणसाला दीनमध्ये तेवढी मुभा आहे. तरी एकदा मला म्हणाले, ‘कपाळ जमिनीला टेकवायचं राहून गेलं.’ घरामागच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारून ते कजा, म्हणजे वेळेवर सुटलेल्या आणि नंतर भरून काढायच्या, नमाजांचा हिशेब ठेवत. ते गेले तेव्हा ती भिंत अर्धीसुद्धा भरली नव्हती.

अरबीत या सवयीला तसवीफ म्हणतात. ‘सौफ’ हे क्रियापदाआधी लागलं की ‘पुढे करीन’ असा अर्थ होतो, त्या ‘सौफ’वरून तसवीफ. आपल्या अहिराणीतलं ‘करसू’ अगदी तेच. मला वाटतं, नमाज नाकारणारा माणूस निदान स्वतःशी खरं बोलतो. ‘करसू’ म्हणणाऱ्याला आपण नाकारतोय हे कळतसुद्धा नाही, कारण त्याच्या मनात तर नमाज रोज पढली जात असते, फक्त उद्या.

तू धंद्यातला आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. लांबच्या बाजारात जाणारा घड तुम्ही पाऊणएक भरला की कापता. बागवान म्हणाला, ‘अजून आठ दिवस राहू द्या, आणखी भरेल,’ तर तू ऐकशील? तुला ठाऊक आहे की तो माल दिल्लीला पोचायच्या आत गाडीतच पिवळा पडेल. घडाच्या बाबतीत वेळ म्हणजे काय हे तुला कुणी शिकवावं लागत नाही. कुरआनमध्ये सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत नमाजबद्दल हेच आलं आहे: ईमानवाल्यांवर नमाज ठरलेल्या वक्ताला फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे. नमाज कधीतरी, जमेल तेव्हा, एकरकमी भरायची नसते. प्रत्येक वक्ताची कटाई वेगळी.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांचे साथी हजरत कअब बिन मालिक (र.) यांची हकीकत ऐक. तू मदरशात कदाचित ऐकली असशील, पण आज स्वतःला त्यांच्या जागी ठेवून ऐक. हिजरीचं नववं वर्ष, म्हणजे इसवी ६३०. प्रेषित (स.) तबूकच्या लष्करी मोहिमेवर निघणार होते. लांबचा रस्ता, कडक उन्हाळा, आणि मदिनेत नेमकी फळं पिकलेली, सावल्या गोड झालेल्या. कअब स्वतः सांगतात की मी त्या वेळेइतका धडधाकट आणि सुस्थितीत आधी कधीच नव्हतो, माझ्याकडे एकाच वेळी दोन सवारीचे उंट त्याआधी कधी नव्हते. रोज सकाळी ते तयारीला म्हणून घरातून निघायचे आणि काहीही न करता परत यायचे. मनात एकच: मी तर कधीही करू शकतो. लोक निघून गेले तरी वाटत राहिलं की एक-दोन दिवसांत तयारी करून गाठतो त्यांना. मग लष्कर फार दूर गेलं आणि राहून गेलं ते गेलंच.

वैशाखात तुमच्याकडे बाहेर पारा ४५ पर्यंत जातो आणि केळीच्या बागेत शिरलं की पानांखाली ओला गारवा लागतो. त्या गारव्यातून उठणं किती जड जातं हे तुला माहीत आहे, म्हणून मदिनेची ती सावली तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल. पण माझं बोट दुसऱ्या गोष्टीवर आहे. कअबना अडवलं ते गरिबीने नाही, आजारपणाने नाही, शंकेने तर नाहीच. ‘मला जमतं’ या खात्रीने त्यांना घरी बसवलं. तुझंही तेच आहे. तुला सूरह पाठ आहेत, वजू येतो, पाय धड आहेत. ज्याला नमाज येतच नाही तो निदान शिकायला धावतो. तुला येते, म्हणून तू थांबलास.

प्रेषित (स.) परत आले तेव्हा मागे राहिलेले ऐंशीहून जास्त लोक एकेक सबब घेऊन पुढे आले आणि शपथा घेऊन मोकळे झाले. कअब बोलण्यात पटाईत, कवी माणूस. तेही सांगतात की दुसऱ्या कुणासमोर असतो तर मी शब्दांनी सुटलो असतो. पण तिथे त्यांनी खरं सांगितलं: माझ्याकडे काहीही सबब नव्हती. मग त्यांच्याशी आणि अशाच दुसऱ्या दोघांशी कुणी बोलायचं नाही असा हुकूम झाला. पन्नास रात्री. ते नमाजला मस्जिदीत जात, बाजारात फिरत, सलाम करत, कुणी उत्तर देत नसे. चुलतभावाने, अबू कतादाने सुद्धा तोंड फिरवलं. त्यातच गस्सानच्या राजाचं पत्र आलं की तुझ्या माणसांनी तुला टाकलं, आमच्याकडे ये, आम्ही मान देऊ. त्यांनी ते पत्र तंदुरात जाळून टाकलं. पन्नासाव्या सकाळी घराच्या छतावर फजरची, पहाटेची, नमाज पढून ते बसले होते, जीव नकोसा झालेला, आणि डोंगरावरून कुणीतरी ओरडलं की कअब, खुशखबर आहे. तौबा कबूल झाली होती. सूरह तौबाची ११८ वी आयत त्या तिघांबद्दल आहे.

टोळीतल्या पोरांचं ‘मौलाना झाला का’ या पन्नास रात्रींच्या शेजारी ठेवून बघ. तुझी लाज मी हलकी लेखत नाही. लाज खरी असते, छातीत लागते. पण ती पोरं दुष्ट नाहीत. रोज बरोबर भाकर खाणारा एकजण अचानक उठला, त्यांना गंमत वाटली, बोलून गेली. तू दुसऱ्या दिवशी उठला असतास तर चारदा बोलली असती, पाचव्या दिवशी त्यातलंच कुणी म्हणालं असतं, ‘भो, तुझ्या नमाजची वेळ झाली बघ.’ तू दुसऱ्या दिवशी उठलाच नाहीस, म्हणून ते एक वाक्य इतकं मोठं होऊन बसलंय.

हे मी अनुभवाने सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. अकरा वर्षं मी जोहरची नमाज घरी जाऊन कजा पढली, कारण शाळेत मुसल्ला अंथरायची लाज. बाकीच्या बाया काय म्हणतील, मुख्याध्यापिका काय म्हणतील. शेवटी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, ‘ग्रंथालयाची किल्ली शिपायाकडे असते, घेत जा.’ एवढंच, अर्ध्या मिनिटात बोलणं संपलं. घरी येऊन मी रडले. त्या अर्ध्या मिनिटासाठी माझी अकरा वर्षं गेली होती. पुढे बदली झाली तिथे असं सोपं नव्हतं. जागा मिळाली नाही, नाकंही मुरडली गेली. मग मधल्या सुट्टीत मी शाळेशेजारच्या एका घरी जाऊन पढायचे, त्या घरची आजी माझ्यासाठी तांब्या भरून ठेवायची. म्हणजे दरवेळी होकारच मिळेल असं मी सांगणार नाही. पण विचारल्याशिवाय नकारसुद्धा मिळत नाही, आणि आपण तो मनातच देऊन टाकतो.

तू तुझ्या मालकाला अजून विचारलेलंच नाहीस, असं पत्रावरून दिसतं. विचार. ज्याची बाग आहे त्या शेतकऱ्यालाही विचार, दुसऱ्याच्या जमिनीवर विचारूनच उभं राहावं. जोहरचा वक्त साडेबाराच्या सुमाराला लागतो आणि असरपर्यंत, म्हणजे पुढच्या नमाजपर्यंत, जवळपास चार तास असतो. भरल्या गाडीला थांबवून नमाज पढ असं कुणी सांगत नाही. भाकर खायला टोळी बसते तेव्हा दहा मिनिटं आधी उठलास तरी झालं. पाचही वक्तांच्या फर्ज रकाती (नमाजचे फेरे) मिळून सतरा. घाई न करता पढल्या तरी दिवसाचा अर्धा तास, थोडा इकडेतिकडे. शुक्रवारच्या जुम्म्याच्या नमाजचं मात्र मालकाशी स्पष्ट बोलून घे, ती जमातीशिवाय, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढल्याशिवाय, होत नाही.

फजर तुला जड जाईल, कारण गाड्या रात्री उशिरापर्यंत भरतात. म्हणून म्हणते, सुरुवात फजरपासूनच कर. उलटा सल्ला देणारेही भेटतील की आधी सोपी धर. माझं मत वेगळं आहे. फजरला बघणारं कुणी नसतं, ‘मौलाना’ म्हणणारं कुणी जागं नसतं. ती फक्त तुझ्यात आणि अल्लाहमध्ये. तिथे पाय रोवला की दुपारी माणसांसमोर उठायला बळ येतं. अर्थात फजर चुकली म्हणून जोहर सोडायची नाही. तुझी साखळी तिथेच तुटते, एक गेली की तू सगळी सोडतोस.

रमजाननंतर का सुटतं, याचाही विचार मी केला. रमजानमध्ये सगळं गाव तुझ्या बाजूने असतं. सहरीला शेजारी उठवतो, इफ्तारला सगळे एकत्र, तरावीहला दोस्त हाक मारायला येतात. ज्या ‘लोक काय म्हणतील’ने तुला जोहरला बसवलं, त्याच ‘लोक काय म्हणतील’ने तुला तरावीहला उभं केलं होतं. ईद झाली, लोकांनी हात काढला आणि तू खाली आलास. यात तुझ्या रमजानची किंमत कमी होत नाही. जमात असतेच त्यासाठी, माणूस एकटा फार काळ उभा राहत नाही. म्हणून आत्ता कुणीतरी एक शोध. तुमच्या मोहल्ल्याच्या मस्जिदीत फजरला येणारे दोन-चार म्हातारे असतीलच. त्यांच्यापैकी एकाला सांग, ‘चाचा, मी दिसलो नाही तर फोन करा.’ ते खरंच करतील. म्हाताऱ्यांना कुणी असं काम सांगत नाही, फार आनंद होतो त्यांना.

आणि ‘एकदम’ हा शब्द टाकून दे. प्रेषितांनी (स.) सांगितलंय की अल्लाहला सगळ्यात आवडतं ते काम जे नेमाने होतं, मग ते थोडं का असेना. पाच फर्जांपेक्षा कमी असं काही नाही, ते आहेतच. पण त्यावर नफलांचा (ऐच्छिक नमाजांचा) डोंगर, लांब तस्बीह, दाढी-टोपी सगळं एकाच आठवड्यात, असं करू नकोस. दर ईदनंतर तुझं हेच झालं आहे. राहिलेल्या कजांचं काय ते मस्जिदीतल्या आलिमांना विचारून ठरव. आपल्याकडे बरेच जण रोजच्या प्रत्येक फर्जसोबत एक कजा पढतात. वही कर. भिंतीपेक्षा वही बरी.

आता ‘मी ढोंगी आहे का’ हा प्रश्न. हजरत हन्जला (र.) एकदा रस्त्याने ‘हन्जला मुनाफिक (ढोंगी) झाला’ म्हणत चालले होते. हजरत अबू बक्र (र.) भेटले, विचारलं काय झालं. ते म्हणाले, प्रेषितांजवळ असतो तेव्हा जन्नत-दोजख डोळ्यांसमोर दिसते, घरी बायका-मुलांत, कामात गेलो की बरंचसं विसरतो. अबू बक्र म्हणाले, माझंही असंच होतं. दोघे प्रेषितांकडे (स.) गेले. त्यांनी हन्जलांना मुनाफिक म्हटलं नाही. सांगितलं की नेहमी त्याच अवस्थेत राहिलात तर फरिश्ते येऊन तुमच्याशी हात मिळवतील, पण हन्जला, एक घडी अशी, एक घडी तशी. म्हणून ढोंगी हा शब्द स्वतःला लावू नकोस. ज्याला टोचतं तो ढोंगी नसतो. मात्र त्या टोचणीवर समाधान मानून बसू नकोस, नाहीतर तीच नमाजची जागा घेते. माझ्या वडिलांची चाळीस वर्षं अशी गेली. नमाज सुटल्याचं त्यांना रोज वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की जणू काहीतरी फिटलं असं वाटायचं.

अब्बांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मान्य कर. दुसऱ्याला नेकी सांगता आणि स्वतःला विसरता, असं कुरआनमध्येही विचारलं आहे. पण त्याचं उत्तर गप्प बसणं हे नाही. एक फर्ज राहिला म्हणून दुसरा गुन्हा करायची परवानगी मिळत नाही. एका सावकाराचं देणं थकलं म्हणून दुसऱ्याचं बुडवावं का? आणि तू अब्बांना दीन शिकवत नव्हतासच. लग्न तुझं, कर्ज तुझ्या नावावर, जाब तुला द्यायचा. तेवढंच म्हण.

हे बोलायची जागा मात्र तू चुकलास असं मला वाटतं. मामा, चुलते बसलेले असताना बोलला असशील तर अब्बांना तसं बोलावंच लागलं. इशाच्या, रात्रीच्या नमाजनंतर ते एकटे असताना जा. पाय दाबून दे, पाणी दे आणि म्हण, ‘अब्बा, तुमचं बरोबर होतं, मी आजपासून नमाज धरली आहे.’ हे खरं असेल त्या दिवशीच जा. आई-बापाला ‘उफ’ही म्हणू नये असा हुकूम आहे, आणि शिर्ककडे, म्हणजे अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या भक्तीकडे, ओढणाऱ्या आई-बापाचं ऐकू नये पण त्यांच्याशी चांगलंच राहावं, असा सूरह लुकमानमध्ये आहे. तुझे अब्बा तर शिर्क सांगत नाहीत. त्यांना फक्त बिरादरीत मान खाली जायला नको आहे. ही भीती क्षुल्लक नाही. गरिबीतून वर आलेल्या माणसाला मुलाचं लग्न म्हणजे चारचौघांत ‘आम्हीही उभे राहिलो’ म्हणायचा एकच दिवस असतो. तेवढं समजून घेऊन बोल.

मग त्यांना हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांचं लग्न सांग. ते प्रेषितांच्या (स.) अगदी जवळच्यांपैकी. एक दिवस त्यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधाची खूण दिसली, प्रेषितांनी विचारलं हे काय, तेव्हा कळलं की यांचं लग्न झालं. मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचा तिचा हक्क, किती दिला? खजुराच्या बीइतकं सोनं. प्रेषित (स.) रागावले नाहीत की मला बोलावलं नाही. बरकतीची दुआ दिली आणि म्हणाले, वलीमा (लग्नाचं जेवण) कर, एका बकरीचा का असेना. अल्लाहच्या रसूलांना आमंत्रण नव्हतं आणि त्यांचा मान गेला नाही, तर आपल्या बिरादरीतल्या कुणाचा जाईल?

एका गोष्टीचा मात्र मला फार त्रास होतो, आणि तुझ्या पत्रात ती नाही म्हणूनच लिहिते. तू डीजे लिहिलास, बारात लिहिलीस, यादी लिहिलीस. मेहर लिहिला नाहीस. आपल्याकडे हे असंच चालतं. डीजेवाल्याला विसार महिनाभर आधी जातो, घोडीवाल्याला जातो, मंडपवाल्याला जातो. मेहर तेवढा उधार. निकाहच्या वेळी काझीसाहेब आकडा वाचतात, सगळे ‘कबूल’ म्हणतात आणि तो आकडा तिथेच राहतो. पुढे मयताच्या खाटेपाशी बाईला सांगतात, ‘मेहर माफ कर.’ मी स्वतः असं सांगताना ऐकलं आहे, रडून डोळे सुजलेल्या बाईला. नंतर द्यायचा ठरवलेला मेहरही शरीअतमध्ये चालतो, पण तो कर्ज असतो, विसरायचा आकडा नसतो. सूरह निसाच्या सुरुवातीलाच आहे की बायकांना त्यांचे मेहर खुशीने द्या. लोकांच्या नजरेसाठी जे आहे ते रोख आणि अल्लाहने सांगितलेलं तेवढं करसू, इतकं उघडं मला दुसरीकडे कुठे दिसत नाही.

म्हणून अब्बांपुढे नुसता नकार नेऊ नकोस, हिशेब ने. गाड्यांचा हिशेब लिहितोस तसा कागद कर. डीजे, घोडी, फटाके, बारातीच्या गाड्या, वर व्याज, हे एकीकडे. दुसरीकडे मेहर रोख आणि बिरादरीला पोटभर वलीमा. लोक जेवून गेले की नाव ठेवत नाहीत, आणि ठेवलं तरी हप्ते फेडायला येत नाहीत. तुमच्या बिरादरीत सामूहिक विवाह होत असतील तर तेही विचारून बघ. खान्देशात आपल्या अनेक बिरादऱ्या ते करतात आणि त्यात कुणाची मान खाली जात नाही.

सगळंच तुझ्या मनासारखं होईल असं नाही. कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे आधी ठरव. पाहुणे जास्त होतील, शेरवानी भारी घ्यावी लागेल, मामांना मंडप मोठा हवा असेल, जेवणात दोन पदार्थ वाढतील, हे सोडून दे. आनंदाला दीनमध्ये मनाई नाही, लग्नात दफ वाजवल्याचं हदीसमध्येही आहे. डीजेला तू नको म्हण, शेवटपर्यंत म्हण, पण त्यावरून आईला रडवू नकोस. मात्र व्याजाचा पैसा आणि मुलीकडची यादी, या दोन गोष्टींवर हलायचं नाही. व्याज अल्लाहने हराम केलं आहे, त्यात घरातल्या कुणाच्या मताला जागा नाही. आणि यादीचं सामान एका बापाच्या घरातून निघतं. तो कुठून आणतो हे मामांना विचारायला सांग.

हजरत मुआविया (र.) यांनी एकदा प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशांना (र.) लिहिलं होतं की मला नसीहतीचं पत्र पाठवा, फार लांब नको. सल्ला मागणारं तुझ्यासारखंच पत्र. त्यांनी प्रेषितांचं (स.) एकच बोलणं लिहून पाठवलं: लोक नाराज झाले तरी चालेल म्हणून जो अल्लाहची खुशी शोधतो, लोकांच्या त्रासापासून अल्लाह त्याला पुरतो. आणि अल्लाहला नाराज करून जो लोकांची खुशी शोधतो, त्याला अल्लाह लोकांच्याच हवाली करतो. ‘लोकांच्या हवाली’ म्हणजे काय ते मी पाहिलं आहे. आमच्या ओळखीत एका लग्नाचे हप्ते नातू शाळेत जायला लागला तरी संपले नव्हते, आणि ज्यांच्यासाठी ते लग्न तसं केलं त्यांना आता तो डीजे आठवतही नाही.

आणखी एक, हे थोडं कडक वाटेल. नमाज धरलीस की पंधरा दिवसांत तुला बाकीचे बेनमाजी दिसायला लागतील. टोळीतली पोरं, मामा, अब्बासुद्धा. तेव्हा जीभ आवर. नवा नमाजी घरात फार बोलतो हे मी किती घरांत बघितलंय, आणि मग त्याची नमाज सुटली की घरचे टाळ्या वाजवतात. तुझ्यावर हसलेल्या पोरांना चहा पाज. त्यांच्यातलं कुणी एक दिवस तुझ्या शेजारी उभं राहिलं तर ते तुझ्या बोलण्याने राहणार नाही.

होणाऱ्या बायकोचं विचारलंस. हो, तिला कळू दे, लग्नाआधीच. परस्पर फोन करून लांबलचक बोलू नकोस, बहिणीला किंवा भाभीला तिच्या अम्मीकडे पाठव. दोनच गोष्टी सांगायच्या: आमच्याकडून यादी येणार नाही, आणि मेहर निकाहच्या दिवशी हातात मिळेल. मेहर किती हवा हे तिला विचारायला सांग. तो तिचा हक्क आहे आणि आकडा ठरवताना तिला कुणी विचारलंय असं आपल्याकडे फार कमी घडतं. कदाचित ती लाजून म्हणेल की तुम्ही ठरवाल ते. मग पुन्हा विचारायला लाव. ती काय म्हणाली ते मला कळव, मी वाट बघते.

तुझी खाला